पोरं चर्चला येत नाहीत, पण मोबाईलला उगाच झोडपू नका

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: मुंबईतली ख्रिस्ती तरुण पोरं मोबाईल आणि इंग्रजी शाळांमुळे विश्वासातून ढळली, आधीच्या पिढ्या अशा नव्हत्या, युरोपसारखी आपलीही चर्च ओस पडणार, म्हणून पालकांनी सक्ती करावी आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर स्वतःचा विश्वास जाहीर करण्याचा विधी) न झालेल्यांची लग्नं पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, लावू नयेत. खाली आमेनांचा पाऊस.

मोबाईलचं आधी उरकू. आमच्या मंडळीत मागच्या बाकावरच्या एका पोराला पंचांनी, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांनी, भर उपासनेत दटावलं. त्याच्या स्क्रीनवर गीतच होतं, रोमन लिपीत टाईप केलेलं. देवनागरी तो अडखळत वाचतो आणि पेटीवाले काका कुणासाठी थांबत नाहीत. बरं, इंग्रजी शाळेत त्याला घातलं कुणी?

येत नाहीत म्हणजे विश्वास गेला, हेही घाईचं. भायखळा-परळची कितीतरी कुटुंबं केव्हाच कल्याण, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेली. मंडळी मात्र जुन्याच पत्त्यावर. साडेनऊच्या उपासनेला बदलापूरहून यायचं तर आठच्या आत गाडी धरायची, आणि परतताना मेगाब्लॉक ठरलेला. निवृत्त माणसाला जमतं. शनिवारची रात्रपाळी करून आलेल्या नर्सनं काय करावं? मॉलमधल्या पोराला तर सुट्टी मिळते मंगळवारी. यातली काही जणं घराजवळच्या हॉलमधल्या फेलोशिपला, म्हणजे छोट्या प्रार्थनागटाला, जातात, गिटारवर हिंदीत गातात. आपल्या रजिस्टरात ती गैरहजर.

आता 'आधीच्या पिढ्या'. ज्यांची भजनं आपण डोळे मिटून गातो ते नारायण वामन टिळक. बाप्तिस्मा मुंबईत, 1895 साली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला, आणि काय मानायचं यावरून तिथल्या धर्मभगिनींशी वादही लगेच सुरू झाला. चर्चच्या चौकटीत न मावणारी माणसं आपल्याकडे पहिल्यापासून आहेत. फक्त ती गेल्यावर आपण त्यांच्या तसबिरी लावतो.

मेसेजात जे नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या वार्षिक सभेत सीए करणाऱ्या एका मुलीनं हॉलच्या भाड्याचा हिशेब विचारला. उत्तर आलं, "बाळ, तू अजून लहान आहेस, प्रार्थनेत ठेव." डिसेंबर लागताच स्टार टांगायला आणि खुर्च्या मांडायला फोन तिलाच. ती आली, खुर्च्या मांडल्या, नंतर दिसली नाही. तिच्या आईला पंचांनी विचारलं, "मोबाईल फार बघते का हो?"

युरोपचं उदाहरण इथे बसत नाही. जर्मनीत चर्चचा कर प्राप्तिकरासोबत कापला जातो, त्यामुळे सोडणारा रीतसर लिहून देतो आणि मोजला जातो. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे चर्चच्या रजिस्टरात नाव घालावं की नाही, यावरच घरात खल होतो. मग कोण गेलं ते रजिस्टरावरून कसं मोजणार? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी. एवढ्याशा मंडळीत पोरगं दिसेनासं झालं, तर त्याच्या घरी जाऊन विचारणं अवघड नाही.

विचारल्यावर काही जण स्पष्ट सांगतील, की माझा विश्वास उरलेला नाही. अशीही आहेत, मान्य. त्यांना सक्तीनं बाकावर बसवून कुणाचं भलं होणार?

राहिली लग्नाची धमकी. पाळकांनी नाही म्हटलं तर विशेष विवाह कायदा 1954 पासून आहेच: तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, झालं लग्न. साक्षीदार कॉलेजातले मित्र असतील. पाळकसाहेबांना पेढे मिळाले तर मिळाले.