काचेवरची बेकरी

आज सकाळी शटर उघडायला गेलो तर समोरच्या बंद दुकानात बेकरी! मस्त रचलेले पाव, अ‍ॅप्रन घातलेली हसरी बाई. मी चक्क हात वर करून गुड मॉर्निंग म्हटलं हो. मग कळलं की स्टिकर आहे. इथे इंग्लंडमध्ये हाय स्ट्रीट, म्हणजे गावातला मुख्य बाजाररस्ता, "व्हायब्रंट" म्हणजे गजबजलेला दिसावा म्हणून आमच्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, रिकाम्या काचांवर खोट्या दुकानांचे फोटो चिकटवलेत. हा शब्द ज्याने काढला त्याला फेब्रुवारीचा अख्खा महिना माझ्या गल्ल्यावर बसवा. बरं, फोटो तरी नीट लावावा, बाईच्या हातातला क्रोसाँ माझ्या डोक्याएवढा, खालचा कोपरा आत्ताच सुटलाय आणि त्यातून आतला टपालाचा ढीग दिसतोय!

आणि आजच्याच टपालात माझं 2025-26 चं रेट्सचं, म्हणजे दुकानाच्या जागेवरच्या कराचं, बिल. रेटेबल व्हॅल्यू (जागेचं सरकारने धरलेलं वर्षाचं भाडं) तीच 20,000 पौंड, मल्टिप्लायर (त्यातल्या दर पौंडामागे कर) तोच 49.9 पेन्स, फक्त दुकानांना मिळणारी सवलत 75 टक्क्यांवरून 40 वर आणली, की गेल्या वर्षीचे 2,495 पौंड झाले 5,988. अजून एक वडापाव तळलेला नाही! हायवेवरच्या ऑनलाइनवाल्यांच्या गोडाऊनला मात्र जागा स्वस्त म्हणून चौरस मीटरमागे रेट्स कमी. समोरचा मालक तर आणखी हुशार, रिकाम्या दुकानाला तीन महिने माफी, मग दुकान वापरात आहे असं दाखवायला तेरा आठवडे आत चार खोकी ठेवायची, की परत तीन महिने माफी. बिल हातात धरून मी त्या स्टिकरवालीलाच मराठीत चार शिव्या घातल्या. शेजारचा टर्किश न्हावी बघत होता, आता तो माझे केस जरा जपूनच कापेल.

आणि घरं नाहीत म्हणून सगळे रडतात ना, माझ्या डोक्यावर दोन मजले कबुतरांना दिलेत. तिथे माणसं राहिली तर संध्याकाळी सहानंतर कोणीतरी चहाला उतरेल की नाही? पण दुकान मोठं दिसावं म्हणून कुठल्यातरी शहाण्याने जिनाच काढून टाकलाय. आमचा मालक म्हणतो, शेतात नवीन घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुन्याची डागडुजी केली तर सहसा 20 टक्के, मी कशाला हात लावू? भाडं वाढवायला बरोबर हात लागतो मेल्याचा, पण हे मात्र खरंच बोलला.

दुपारी एक आजी आल्या, समोरची बेकरी किती वाजता उघडते विचारायला. म्हटलं, आज बंद आहे, वडापाव चालेल का? चालला. दोन घेतले.