‘न्यूट्रलला टाका नि निघा’ म्हणे!

अमेरिकेत मोटरहोम (चाकांवरचं घर) घेऊन हिंडणाऱ्या आपल्या मंडळींत एक सल्ला फार फिरतो: ‘मागे पिकअप चारही चाकांवर ओढत न्यायचाय? गिअर न्यूट्रलला टाका, टो बार (दोन गाड्या जोडणारा लोखंडी दांडा) अडकवा, निघा. मोटरहोमला वजन कळतही नाही. त्यात पिकअप उंच केलेला, मोठ्या टायरांचा असेल तर मजाच, तो दगडधोंड्यांतून जातो, हायवेचं काय!’ बंद पडलेली गाडी टोचन करून कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेण्यापुरतं हे चालेल. लास व्हेगास ते मोआब अशा लांब पल्ल्याला नाही चालणार.

आधी ते न्यूट्रल. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना रस्त्यावर फिरणारी चाकं गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरवत राहतात आणि तो तेलाविना घासला जातो. न्यूट्रलला टाकायची असते ती ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी. ऑटोमॅटिक जीप ग्लॅडिएटर या पिकअपचं मॅन्युअल तर वरच्या सल्ल्याच्या नेमकं उलट सांगतं: ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये, गिअर पार्कमध्ये. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकल्यावर, पार्कला टाकण्याआधी, इंजिन चालू ठेवून गिअर रिव्हर्स आणि ड्राइव्हला टाकून बघायचा. गाडी तसूभरही हलली नाही, तरच पुढचं. ज्या पिकअपला ट्रान्सफर केसच नाही, किंवा आहे पण तिला न्यूट्रल नाही, तिथे ड्राइव्ह शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) सोडवा नाहीतर पिकअप ट्रेलरवर चढवा.

‘वजन कळत नाही.’ इंजिनाला कळत नसेल, पण हिशोबाला कळतं. पेट्रोलवरच्या मोठ्या मोटरहोमच्या पाटीवर साधारण असे आकडे सापडतात: स्वतःचं कमाल वजन 22,000 पौंड, ओढलेल्या गाडीसकट 26,000. हिचवर (मागच्या जोडणीच्या कडीवर) 5,000 लिहिलेलं असलं तरी मोटरहोम गच्च भरली की हातात उरतात 4,000. साधा ग्लॅडिएटरच साडेचार हजारांच्या वर. त्यावर लोखंडी बंपर, विंच (गाडी ओढून काढणारी चरखी), 35 इंची टायर, छतावरचा तंबू. कंपनीच्या कागदावरचं वजन विसरा, ट्रकांच्या वजनकाट्यावर उभा करा.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात चिडवतो, कारण पैसे खर्चून केलेलं कामच इथे नडतं. टो बार जवळपास सपाट हवा, तीन-चार इंचांहून जास्त चढ-उतार नको. पिकअप चार इंच उचलला की ते गणित मोडतं. ब्रेक लागताच तिरका बार गाड्यांना सरळ न ढकलता वर-खाली ढकलू बघतो. शिवाय असं उचलल्याने पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. स्टिअरिंगवर माणूस नसताना चाकं वळणानंतर आपोआप सरळ होतात ती या कॅस्टरच्या जोरावर. तो दुरुस्त केला नसेल तर थरथर सुरू होते, आणि तीस फूट पुढे बसलेल्याला पत्ताही नसतो. मागचा कॅमेरा लावा.

ब्रेकबद्दल वाद घालायचं कारणच नाही. मोटरहोमचे ब्रेक मोटरहोमसाठी आहेत. पिकअपचं पेडल दाबणारं वेगळं यंत्र हवं, आणि बार तुटला तर पिकअप आपसूक थांबवणारी दोरीही.

राहिला रिव्हर्स, ज्याचं नावही कुणी काढत नाही. मी एका अरुंद पेट्रोल पंपावर अडकलो होतो. मोटरहोम जेमतेम सहा फूट मागे घेतली, तर पिकअपची पुढची चाकं गर्रकन एका बाजूला वळली आणि टायर डांबरावर आडवे घासले. मागे तीन गाड्या हॉर्न वाजवतायत आणि मी उन्हात गुडघ्यावर बसून ताणलेल्या बारची पिन हातोडीने ठोकून काढतोय.