कवा ते नक्की सांग

कोल्हापुरात मदत मागायला लाजावं लागत नाही. रात्री गाडी बंद पडली तर अनोळखी पोरं ढकलत घरापर्यंत आणून सोडतात. लग्नात वाढपी कमी पडले तर अख्खी तालीम बादल्या घेऊन पंगतीत उतरते. अट एकच असते, कवा ते सांगायचं. आणि माझं काम असं, की नेमकं तेवढंच मला सांगता येत नाही.

मी डुला आहे. बाळंतपणात बाईच्या सोबतीला राहते. बाळंतपण करायचं काम डॉक्टर आणि नर्सचं. मी इंजेक्शन देत नाही, तपासणी करत नाही. कळ आली की कंबर दाबते, श्वासाची लय धरून देते, घोट घोट पाणी पाजते, तिच्या नवऱ्याला घेरी येतेय असं दिसलं की त्याच्याखाली खुर्ची सरकवते आणि ‘अजून वेळ आहे’ हे एकच वाक्य तिच्या माहेरच्यांना, सासरच्यांना आणि पुण्याच्या मामांना निरनिराळ्या शब्दांत ऐकवते. शेजारच्या मावशींना हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजे नुसतं बसायचं?”

व्हय मावशी, नुसतं बसायचं. पण कधी बसायचं ते ठाऊक नसतं आणि कधी उठायचं तेही.

डॉक्टर तारीख देतात, पण ती काढायची रीत काय, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे. शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं ती पाळतात. अंबाबाईचा किरणोत्सव बघा. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, पुन्हा ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीचं ऊन पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. एवढ्या लांबचा सूर्य ठरल्या दिवशी दारात येतो, आड ढग आले तर त्याचा इलाज नाही. आणि हे अडीच-तीन किलोचं पोर, आईच्या पोटात बसलेलं, त्याला तारीख म्हणजे नुसती सूचना वाटते. मग अडतिसाव्या आठवड्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत माझा फोन उशाशी, पेट्रोलची टाकी भरलेली आणि पिशवी दारामागच्या खिळ्याला.

हे सगळं खपवून घेता येतं. अडचण आहे ती आमच्या सईची. वय वर्षं पाच. तिला दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवता येत नाही.

पाळणाघरात चौकशी करून आले. बाई नीटनेटक्या, वही उघडून बसलेल्या.

“किती ते किती ठेवायचं?”

“सांगता येत नाही.”

“बरं, वार?”

“तोही नाही.”

“रात्रीचं आम्ही ठेवत नाही.”

“बहुतेक रात्रीच लागेल. किंवा लागणारच नाही.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “ताई, आधी तुमचं घरात ठरू दे,” असं इतक्या मायेनं म्हणाल्या, की माझा संसार मोडायच्या बेतात आहे अशी त्यांची खात्री झालेली दिसली.

मग माणसांची साखळी लावायची ठरवली. पहिली कडी नवरा. तो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिल्या पाळीला असला की रात्री घरी, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही. त्या आठवड्यात बायका हमखास बाळंत होत नाहीत. तिसऱ्या पाळीला गेला की फोन लॉकरमध्ये आणि हा भट्टीपाशी. त्याला निरोप द्यायचा तर गेटवरच्या वॉचमनला सांगायचं. वॉचमन पोचवतो, “तुमच्या मिसेसना कळा सुरू झाल्यात.” त्यावर भट्टीवरची सगळी मंडळी त्याला आठवण करून देतात, की मागच्या महिन्यातही झाल्या होत्या.

दुसरी कडी मावशी. जिन्यापलीकडचं दार. तिसरी खालच्या मजल्यावरचा बंटी, कॉलेजचा पोरगा. सईचं त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त जमतं. पण शाहू स्टेडियमवर त्याच्या तालमीची फुटबॉल मॅच असली की तो कुणाचा नाही. “वैनी, मॅचच्या दिवशी मला धरू नका, बाकी कवापण हाक मारा,” हे त्यानं आधीच सांगून टाकलंय. हंगामात मॅच कधी नसते हे मात्र सांगितलेलं नाही.

साखळी लागली, पण तिला द्यायचं काय? एखादं माणूस आपल्यासाठी चार आठवडे अडकून बसणार, आणि काम पडेल का ते त्यालाही ठाऊक नाही. याचे पैसे देणं रीतीचंच. मावशींपुढे पाकीट धरलं तर त्यांनी ते असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या दारात भाडं मागायला उभी आहे. “पैसं कसलं देतीस गं? पोर न्हवं व्हय माजं?” म्हणून मी पाकीट मिटलं. तेव्हापासून हिशेब वस्तूंत चालतो. कांदा-लसूण चटणी कांडून आणायची, मोतीबिंदूच्या तपासणीला मी सोबत जायचं, आणि त्यांचा गुडघा कसा दुखतो ते जिन्यात उभं राहून पहिल्यापासून ऐकायचं. खरं सांगते, पाकीट स्वस्त पडलं असतं.

पण रात्री अडीचला फोन वाजतो तेव्हा या सगळ्याची वसुली होते. झोपलेली सई खांद्यावर, तिची वाकळ बगलेत, पिशवी पाठीला, दाराची किल्ली दातांत. तिचे लोंबते पाय माझ्या मांडीवर आपटतायत आणि जिन्यातला दिवा नेहमीप्रमाणे गेलेला. बेल वाजवायला हात मोकळा नसतो, पण ती वाजवावीही लागत नाही. भिंतीपलीकडे पहिली रिंग ऐकूनच मावशी उठलेल्या असतात. दार उघडतात आणि पोरीला घेता घेता पहिला प्रश्न विचारतात, “किती बोटं?”

गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय ते मावशींना बोटांत लागतं. दोन म्हटलं तर ‘सावकाश जा, च्या घे’ आणि चार म्हटलं तर ‘पळ!’ कुणाचं बाळंतपण ते मी सांगत नाही, ते सांगायचं नसतं. त्यांना ते चालत नाही. “त्या दिवशी रंकाळ्यावर तुज्याशी बोलत हुती ती गोरी का? बरं, सांगू नको. पर तिला म्हनावं, घाबरू नको. जा तू, मी बगतो पोरीकडं.”

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून बारा-अठरा तास सहज लागतात. म्हणजे रात्री सोडलेली पोर दुसऱ्या दिवशी आंघोळ, शाळा, डबा, केसांच्या दोन शेंड्या यांसह मावशींवर. त्यावर त्यांनी एकदा कुरकुर केलीच. मग मी त्यांना अभ्यास ऐकवला. कॉक्रेन नावाची एक संस्था जगभरचं संशोधन एकत्र करून तपासते. त्यांच्या २०१७ च्या अहवालात पंधरा हजारांहून जास्त बायकांचा विचार केलाय. शेवटपर्यंत कुणी सोबतीला असलं तर सिझेरियन कमी होतात, आणि कळांचा वेळ सरासरी ४० मिनिटांनी घटतो.

मावशींनी मनातल्या मनात गणित केलं. “म्हंजे तू गेलीस म्हनून तू चाळीस मिंटं लवकर येतीस?”

असा निष्कर्ष अहवालात नाही, पण मी हो म्हटलं.

सगळ्यात वाईट असतात खोट्या कळा. सगळी साखळी हलवायची, वॉचमनला निरोप, बंटीच्या आईची झोपमोड. आणि तिकडं ती बाई गरम पाण्यानं आंघोळ करते, कळा थांबतात, आणि पहाटे मी रिकाम्या हातानं जिना चढते. मावशी दारात. “परत पाठिवली?” जणू मी लाच द्यायला विसरले. सईनं तर वर्गात सांगून टाकलं, “माझी आई रात्री बाळ आणायला जाते, पण आज पण नाही आणलं.” शनिवारी टीचरनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, “दत्तकाचं कुठपर्यंत आलंय?”

मावशींना माझी एकच गिऱ्हाईकं आवडतात, मुहूर्त काढून सिझेरियन ठरवलेली. वेळ लेखी मिळते ना! “असलीच धर की,” म्हणतात. माझ्या सोयीसाठी कुणाचं पोट कापायला लावू, मावशी?

आता चैत्रातलं सांगते. नवरा दुसऱ्या पाळीला. पौर्णिमा, म्हणून मावशी जोतिबाला यात्रेत, उद्या येणार. बंटी स्टेडियमवर, गालाला रंग फासून. आणि सांजवेळी फोन आला, कळा दहा-दहा मिनिटांवर. उरल्या सासूबाई, आमच्या आत्या. त्या कागलच्या अलीकडं गावी असतात, आणि त्यांना मी साखळीत कधी धरलंच नव्हतं. कारण त्यांची म्हैस. ती त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीची वेळ, त्यामुळे आत्या कोल्हापुरात मुक्कामाला येत नाहीत. आमच्या लग्नालासुद्धा धार काढून आल्या आणि धारंला परत गेल्या.

फोन केला. “आन की पोरीला. पर मी गोठ्यात हाय. म्हस उठ-बस करतीया, शेपटीच्या बुडाला खड्डं पडल्यात. आज रातीला व्याती.”

म्हणजे आत्यापण ऑन-कॉल होत्या.

सईला स्कुटीवर पुढं घेऊन पोचले. गोठ्यात पिवळा दिवा, खाली कोरडं पिंजर पसरलेलं. आत्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत काहीबाही पुटपुटत होत्या. दारात मामंजी आणि भावकीतले दोघं सल्ले घेऊन उभे. एक म्हणाला, वेळ लई झाला, ओढून काढूया. आत्या वळल्यासुद्धा नाहीत. “कुनी हात लावायचा न्हाई. तिचं ती बगंल. तुमी भाईर जावा, तिला बुजाय होतंय.” तिघंही गेले.

हे मी फी भरून शिकले होते. प्रमाणपत्र आहे माझ्याकडं.

सईला तिथं सोडून दवाखान्यात गेले. रात्री दहाला कंबर दाबत असताना खिशात फोन थरथरला. कळ ओसरल्यावर बघितला, मामंजींचा मेसेज: ‘पाय दिसले.’ माझ्या तोंडावरचं हसू त्या पोरीनं पकडलं आणि कारण विचारलं. सांगितलं. पुढच्या कळा तिनं म्हशीच्या नावानं काढल्या. कळ संपली, की घामाघूम तोंडानं तिचा पहिला प्रश्न, “झालं का तिचं?” मग तिच्या नवऱ्याचा, मग नर्सचा. अकराच्या सुमाराला रेडी झाली तेव्हा त्या खोलीत टाळ्या पडल्या. “ती मोकळी झाली, मीच राहिले,” म्हणाली बिचारी. पहाटे तीही मोकळी झाली. मुलगी. दोघी छान.

सईला न्यायला गेले तर बाईसाहेब चुलीपाशी, खरवसाची वाटी हातात, डोळे तांबारलेले. रात्रभर झोपल्याच नव्हत्या. आत्यांनी माझी फी विचारली. आकडा ऐकून कपाळावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मग रात्रभर म्हशीपाशी उभं ऱ्हायलो, मला किती देतीस?”

आता मावशी परत आल्यात, बंटीचा हंगाम संपत आलाय, साखळी पुन्हा लागलीय. पण सई मावशींकडं झोपायला तयार नाही. तिला गोठ्यातच जायचंय, आणि ते म्हैस व्याणार असेल तरच. आत्यांनी तिला समजावलं, की म्हस आता परत गाभण जायला पायजे, मग पुढं दहा महिनं. माझी पुढची बाई मात्र वैशाखातली. तर आत्यांनी तोडगा काढलाय: वैशाखात व्याणारी दुसरी म्हस घेऊया, लाखाच्या वर जातील, पैसं मी घालायचं.