‘नापास’ हिऱ्यांची उलटतपासणी

गेल्या महिन्यात एक मजकूर आधी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात आला, मग शाळेच्या, मग सोसायटीच्या. म्हणणं थोडक्यात असं: आजीच्या दागिन्यांतले हिरे म्हणजे ‘नापास’ हिरे. पूर्वीच्या कारागिरांना गणित येत नव्हतं, हाताने घासताना आकार वेडेवाकडे व्हायचे. म्हणून त्यांना चमक नसते, तळाला भोक असतं आणि प्रमाणपत्रावर कटची श्रेणी मिळत नाही. तेव्हा ते लगेच नव्याने पैलू पाडून घ्या. वजन नाममात्र घटतं, किंमत दुप्पट होते. खाली हात जोडलेले, आणि ‘सर्व भगिनींना पाठवा’.

मावशीने तो वाचला आणि कपाटातून कुड्या काढून पर्समध्ये टाकल्या. तिच्या सासूबाईंच्या कुड्या, एकेकीत सात हिरे. ती सराफाकडे निघायच्या आत मी पोचले म्हणून बरं. त्या दुपारी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

गणित येत नव्हतं, हे पहिलं म्हणणं. जुन्या ‘ओल्ड माइन’ धाटणीच्या हिऱ्याचे पैलू मोजा: तळाचा सपाट पैलू धरून ५८. आजच्या गोल ब्रिलियंटलाही, म्हणजे अंगठीत सर्रास दिसणाऱ्या गोल हिऱ्यालाही, तेवढेच. हिशेब तोच आहे, प्रमाणं वेगळी आहेत, आणि ती का वेगळी आहेत हे कच्चा हिरा डोळ्यांसमोर आणला की कळतं. चांगला कच्चा हिरा बहुधा अष्टफलक असतो, म्हणजे दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवल्यासारखा. आज तो करवतीने आडवा कापतात आणि दोन्ही तुकड्यांचे दोन हिरे करतात. ही यंत्राची करवत १९०० च्या आसपास आली. त्याआधी वरचं टोक घालवायचं तर ते घासून भुकटीच करावी लागे. कोण करील? म्हणून कारागीर माथा उंच ठेवायचा, वरचा सपाट भाग, ज्याला टेबल म्हणतात, तो लहान ठेवायचा आणि पोट खोल. कच्च्या हिऱ्याचा चौकोनी घेर गोलसर व्हायचा, पण पूर्ण गोल नाही, उशीसारखा.

तोही घेर हातानेच. दोन हिरे दोन काठ्यांच्या टोकांना पक्के बसवायचे आणि एकमेकांवर घासत राहायचं, कारण हिऱ्याला झिजवणारा हिराच. मग तेलात कालवलेली हिऱ्याची पूड लावलेल्या फिरत्या लोखंडी चाकावर एकेक पैलू. घेर घासायचं वाफेवरचं यंत्र आलं ते १८७० च्या दशकात, बोस्टनमध्ये हेन्री मोर्स यांच्या कारखान्यात. हिरा गोल व्हायला लागला तो तेव्हापासून. मोर्स कोन मोजून हिरे घासायचे, वजन गेलं तरी चालेल म्हणायचे. हिरे घासणाऱ्या घराण्यातले मार्सेल टोल्कोव्स्की यांनी आदर्श प्रमाणांचं गणित छापलं १९१९ साली. म्हणजे आधी हात शिकला, आकडे मागून आले.

आपल्याकडची गोष्ट तर याहून रंगतदार. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये सतराव्या शतकात गोवळकोंडा भागातल्या खाणींवर गेला होता. तिथल्या कारागिरांबद्दल तो लिहितो की खडा निर्मळ असला तर ते चाकाला एकदोनदा टेकवतात आणि सोडून देतात, वजन जाईल म्हणून जास्त हात लावत नाहीत. डाग असला तरच भरपूर पैलू पाडतात, डाग लपावा म्हणून. आता सांगा, अडाणी कोण? पैलूंची गर्दी दिसली की गिऱ्हाइकाने सावध व्हावं, असा तो बाजार होता.

आणि वजन घालवलं तर काय होई, तेही त्यानेच लिहून ठेवलं आहे. २ नोव्हेंबर १६६५ ला औरंगजेबाच्या दरबारात त्याला एक प्रचंड हिरा हातात घेऊन बघू दिला. तो कच्चा असताना ७८७.५ कॅरट होता म्हणे. व्हेनिसच्या होर्तेन्सिओ बोर्जिओ नावाच्या कारागिराने घासून त्याचे २८० केले. मजुरी मिळणं दूरच, उलट दहा हजार रुपये दंड बसला. जास्त असते तर जास्त घेतले असते, अशी ताव्हर्नियेची पुस्ती. युरोपातून आलेला ‘तज्ज्ञ’ होता बरं का.

दुसरं म्हणणं चमकेचं, आणि ते अर्धं खरं आहे. मावशीच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली कुड्या धरल्या तर हिरे खरंच मलूल दिसले, मध्ये करडट सावली. मग देव्हाऱ्याशी गेलो, दिवा मालवला, निरांजन लावलं आणि कुडी हळूहळू हलवली. मधल्या खड्यातून एक जाड नारिंगी ठिणगी निघाली, मग निळी, मग एक हिरवी, जी कुडी अंगठाभर हलवल्यावर गेली आणि परत आली. कुडीच्या शेजारी माझ्या बोटातली नव्या हिऱ्याची अंगठी धरली. तिच्यातून बारीक पांढरी चुरचुर, खूप, पण रंग जवळजवळ नाही.

कारण सोपं आहे. नव्या हिऱ्याचे कोन वरून आलेला उजेड जास्तीत जास्त परत डोळ्यांकडे फेकायला बसवलेले असतात, तिथे तो जिंकतो, यात वाद नाही. जुन्यात माथा उंच आणि पैलू मोठे. उजेड तिरका बाहेर पडताना त्याचे रंग फाकतात आणि मोठ्या पैलूमुळे ते मोठ्या तुकड्यांत दिसतात. मात्र त्याला एका बिंदूतून येणारा उजेड लागतो, ज्योतीसारखा. सगळीकडून सारखा पसरलेला ट्यूबचा उजेड रंग एकमेकांत मिसळून पुसून टाकतो. समयांच्या आणि मेणबत्त्यांच्या घरात घडवलेल्या वस्तूची परीक्षा ट्यूबखाली घ्यायची, याला काय म्हणावं?

मजकुरात इथे कोहिनूरचा दाखला आहे: ‘लंडनच्या लोकांनाही आवडला नाही.’ बरोबर. १८५१ च्या प्रदर्शनात लोक नाराज झाले. प्रदर्शन काचेच्या महालात होतं, चहूकडून दिवसाचा पसरट उजेड. पुढे त्याच्याभोवती गॅसचे दिवे लावायची वेळ आली. १८५२ मध्ये ॲम्स्टरडॅमचे कारागीर बोलावून ३८ दिवस घासला, ८० कॅरटांहून जास्त वजन उडालं, १०५.६ उरले. आणि राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट, ज्यांनी हे सगळं घडवून आणलं, ते तरी कुठे खूश झाले?

‘तळाला भोक’. हे भोक नव्हे. वरून पाहिलं की टेबलाच्या मधोमध जो गोल ठिपका दिसतो तो तळाचा एक छोटा सपाट पैलू, क्युलेट. टोक अणकुचीदार ठेवलं तर ठेचलं जाऊन टवका उडतो, म्हणून ते मुद्दाम सपाट करत. उजेड तिथून सरळ आरपार जातो, म्हणून ठिपका काळसर. नव्याने घासलेल्या कोहिनूरलाही तो ठेवला होता.

प्रमाणपत्राचं म्हणणं तर फारच पातळ. जीआयए या हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेची कटची श्रेणी २००६ पासून आहे आणि ती ठरवली गेली ती आजच्या प्रमाणित गोल ब्रिलियंटसाठी. जुन्या हिऱ्यावर ‘ओल्ड माइन ब्रिलियंट’ किंवा ‘ओल्ड युरोपियन ब्रिलियंट’ असं वर्णन येतं, श्रेणीची जागा नसते. परीक्षेला बसवलंच नाही त्याला नापास म्हणायचं!

आता खरी खोच: नव्याने पैलू पाडा. नाशिककरांना हे सांगायला नको, पण त्र्यंबकेश्वरचा ‘नासक’ हिरा आठवा. इंग्रज-मराठा युद्धानंतर इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा सुमारे ९० कॅरटचा होता. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या सराफांनी तो वजन जपून घासला, ८० च्या आसपास ठेवला. १९४० मध्ये अमेरिकी जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो आयताकृती करून घेतला. आज त्याचं वजन ४३.३८ कॅरट. निर्दोष आहे, सुंदर आहे, आणि त्र्यंबकेश्वरला ज्या पैलूंवर दिव्यांचा उजेड पडत असे त्यातला एकही त्यावर उरलेला नाही.

घासून श्रेणी वाढते, हे नाकारत नाही. ‘विटेल्सबाख’ हा निळा हिरा लंडनचे जवाहिरे लॉरेन्स ग्राफ यांनी २००८ मध्ये घेतला आणि ३५.५६ वरून ३१.०६ कॅरट केला. रंगाची आणि शुद्धतेची श्रेणी वर गेली, आणि टीकाही भरपूर झाली. पण आपल्या घरच्या खड्याचा हिशेब वेगळा. समजा १.०५ कॅरटचा जुना हिरा आहे. पोट खोल असल्यामुळे आधुनिक प्रमाणांत बसवताना तो सहज एक कॅरटच्या खाली येतो, आणि एक कॅरटची पायरी उतरली की कॅरटमागचा दर पडतो. वर मजुरी. कुडीतल्या छोट्या खड्यांची तर गोष्टच सोडा, घासून हातात काय उरणार? उलट जुन्या धाटणीला आज इतकी मागणी आहे की नवे हिरे मुद्दाम तसे घासतात, प्रयोगशाळेत बनवलेलेही. (म्हणजे ‘जुना कट दिसतो’ एवढ्यावरून कुणी जुना भाव सांगितला तर तेही ऐकू नका. अस्सल जुन्याच्या कडा वापराने झिजलेल्या असतात, कंबरेची, म्हणजे सर्वांत रुंद घेराची, धार पातळ, खरबरीत, कुठे टवका गेलेली. भिंगातून दिसतं.)

एक मात्र मजकूर पाठवणाऱ्याच्या बाजूने: जुनं ते सगळं गोवळकोंड्याचं, ही उलट थापही खूप चालते. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेचा माल जगभर गेला, त्यात पिवळसर झाक असलेले खडे पुष्कळ. आजीचा हिरा त्यातला असू शकतो. आणि वजन तेवढंच असलं तरी जुना हिरा वरून लहान दिसतो, कारण वजन पोटात असतं.

मावशीने विचारलं, मग आता करू काय? कुड्या उलट्या करून बघितल्या. डाव्या कुडीतल्या एका खड्याचं कोंदण सैल होतं, नखाने हलत होता. मागची बाजू बंद होती. अशा बंद कोंदणात खड्यामागे चांदीचा पत्रा असू शकतो, पाणी शिरलं की तो काळा पडतो, म्हणून टूथपेस्ट आणि गरम पाणी बंद करायला सांगितलं. शनिवारी सराफाकडे गेलो. तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, ‘ताई, हे मोडून नवीन घ्या, डिझाइन दाखवू का?’ मावशी म्हणाली, ‘नको, फक्त हा एक खडा घट्ट करून द्या. आणि माझ्यासमोर करा.’