‘रेग्युलेटर सगळे सारखेच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या पोहणाऱ्यांच्या आणि ट्रेकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. तारकर्लीला किंवा अंदमानला स्कुबाचा (पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याचा) कोर्स करून आलेली आणि आता स्वतःचं सामान घ्यायला निघालेली मंडळी तो एकमेकांना पाठवतायत. मेसेजचं म्हणणं असं: स्कुबाचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) म्हणजे घरच्या गॅसच्या रेग्युलेटरसारखीच वस्तू. आतून सगळे सारखे, पैसे फक्त नावाचे. ऑनलाइन बिननावाचा स्वस्तात मिळतो तो घ्या, तोंडात धरून दोन श्वास घ्या, हवा आली की झालं. तसंही दहा मीटरच्या खाली कोण जातंय? आणि सर्व्हिस ही निव्वळ दुकानदारांची कमाई. नवी पोरं हे खरं धरून ऑर्डरी टाकायला लागली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी गॅसचा रेग्युलेटर. गॅस रेग्युलेटरशी नातं आहे, हे खरं. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जॅक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी पहिला अ‍ॅक्वालंग (आजच्या स्कुबा सामानाचा पूर्वज) केला, तेव्हा गान्यांनी युद्धकाळात मोटारी गॅसवर चालवण्यासाठी केलेला व्हॉल्व्हच हाताशी होता. पण शेगडी जागची हलत नाही. तिला कायम एकाच, अगदी कमी दाबाचा गॅस लागतो. पाण्याखाली मात्र दर दहा मीटरला एक बार (बार हे दाबाचं एकक) दाब वाढतो. वर १ बार, १० मीटरवर २, ३० मीटरवर ४. छातीवर पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा तोंडात यावी लागते, नाहीतर छाती फुगतच नाही. म्हणून फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवर बसणारा भाग, सिलिंडरमधला २०० बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त एवढ्यावर आणतो, आणि तोंडातला सेकंड स्टेज तो नेमका भोवतालच्या दाबाइतका करून, श्वास ओढला की तेवढ्यापुरता सोडतो. हे प्रत्येक श्वासाला, खोली बदलत असताना घडायला हवं.

‘आतून सगळे सारखे’ हेही चूक. साध्या अनबॅलन्स्ड पिस्टन प्रकारच्या फर्स्ट स्टेजमध्ये सुटे भाग कमी, बिघाड कमी, म्हणून भाड्याच्या सामानात तो सर्रास असतो. पण सिलिंडर ५० बारवर आला की त्याचा श्वास जड होतो. बॅलन्स्ड पिस्टन किंवा बॅलन्स्ड डायफ्राममध्ये तो फरक जवळजवळ जाणवत नाही. मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते: सगळ्यात महागडा घेण्याची गरज नाही. १० अंशांखालच्या थंड पाण्यासाठी केलेली रचना, टायटॅनियमची बॉडी, याचे पैसे मालवण, नेत्राणी किंवा अंदमानच्या कोमट पाण्यात उतरणाऱ्याने का मोजावेत? ओळखीच्या कंपनीचा साधा रेग्युलेटर वर्षानुवर्षं चालतो. पण साधा आणि बिननावी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बॉडीवर ‘ईएन २५०’ हे युरोपीय मानक छापलेलं असणं पुरेसं नाही, कारण छापणं सोपं असतं. विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: याचं सर्व्हिस किट कुठल्या नंबरचं, आणि हा भारतात कोण उघडून दुरुस्त करतं? उत्तर आलं नाही तर वस्तू परत ठेवा. आतलं सीट (व्हॉल्व्ह बंद करून हवा अडवणारी गादी) आणि ओ-रिंगा (रबरी कड्या) झिजणार, हे ठरलेलं आहे. ज्याचे सुटे भागच मिळत नाहीत तो रेग्युलेटर पहिल्या झिजेलाच निकामी होतो, आणि तो निकामी झाल्याचं कळतं पाण्यात.

आता ‘दोन श्वास घेऊन बघा’. सगळ्यात जास्त घात हाच सल्ला करतो. जमिनीवर कुठलाही रेग्युलेटर हवा देतो. ३० मीटरवर तीच हवा चौपट दाट होते, आणि रद्दी रेग्युलेटर तिथे ओढावा लागतो. म्हणूनच ईएन २५० ची चाचणी ५० मीटरच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर हवा खेचून घेतात, आणि श्वासाला लागणारी मेहनत लिटरमागे ३ ज्यूलच्या आत असावी लागते. घरी हे होणार नाही, पण जुना रेग्युलेटर घेताना काही गोष्टी हाताने तपासता येतात. सिलिंडर न जोडता फर्स्ट स्टेजची डस्ट कॅप (हवा आत येण्याच्या तोंडावरचं झाकण) घट्ट बसवा आणि माउथपीसमधून ओढा. हवा अजिबात यायला नको. आली, तर सेकंड स्टेजमधला डायफ्राम किंवा बाहेर हवा सोडणारा रबरी पडदा फाटलेला आहे. माउथपीस बांधणाऱ्या पट्टीखाली बोटाने दुमडून बघा, तिथली बारीक चीर वरून दिसत नाही आणि पाण्यात प्रत्येक श्वासाबरोबर पाण्याचा फवारा घशात येतो. डस्ट कॅप काढून आतल्या जाळीचा रंग बघा. हिरवट असेल तर खारं पाणी आत गेलंय, तांबूस असेल तर गंजक्या सिलिंडरची धूळ. मग सिलिंडर जोडा आणि होजला (नळीला) फर्स्ट स्टेजमधून येणारा दाब दाखवणारा प्रेशर गेज जोडा. श्वास घेतला की काटा थोडा पडतो, सोडला की वर येऊन थांबतो. थांबायच्या ऐवजी हळूहळू चढतच राहिला, तर सीट गेलंय. विकणारा गेज जोडू देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

‘दहा मीटरच्या खाली कोण जातंय’ हे वाचून मला खरंच भीती वाटते. प्रमाणाने बघितलं तर दाबातला सगळ्यात मोठा बदल पृष्ठभागाजवळच असतो. १० मीटरवर भरलेली छाती श्वास रोखून वर आणली तर हवा दुप्पट फुगते. फुप्फुसाला इजा व्हायला दोन मीटरही पुरतात. रेग्युलेटर अचानक दगा देतो तेव्हा नवखा माणूस नेमकं हेच करतो: घाबरतो, श्वास रोखतो आणि वर धावतो. ‘बिघडला तरी हवा सुटतच राहते’ असंही मेसेजमध्ये आहे. बहुतेक रेग्युलेटर बिघडल्यावर उघडेच राहतात, हे बरोबर. पण तशी सुटलेली हवा सिलिंडर काही मिनिटांत रिकामा करते.

ऑक्टोपस, म्हणजे जोडीदाराला द्यायचा जादा सेकंड स्टेज, त्याचं थोडक्यात. ‘तो वापरायचाच नसतो, कसलाही चालेल’ म्हणे. तो तोंडात जातो तो जोडीदाराची हवा संपल्यावर, घाबरलेल्या माणसाच्या. तो मुख्य रेग्युलेटरइतकाच चांगला हवा.

राहिली सर्व्हिस. दरवर्षी सगळं उघडायलाच हवं असं नाही. कंपनीप्रमाणे मुदत बदलते, कुणी वर्ष म्हणतं, कुणी दोन वर्षं किंवा १०० डाइव्ह. पुस्तिकेत असेल ते पाळा. पण ‘पाच वर्षं डब्यात, एकदाही न वापरलेला’ म्हणजे नवा, हे मानू नका. रबर न वापरताही म्हातारं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात चाळीसच्या वर तापलेल्या पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत ते अजून लवकर होतं. कपाटात, सावलीत, होज न मुडपता ठेवा. समुद्रावरून आल्यावर डस्ट कॅप लावून गोड्या पाण्यात भिजवा, बोअरच्या जड पाण्यात नको, आणि भिजलेला असताना पर्जचं (सेकंड स्टेजवरचं, हवा सोडणारं) बटण दाबू नका, पाणी आत जातं. घरातलं तेल-ग्रीस तर अजिबात लावू नका: रबर फुगतं, आणि ऑक्सिजन जास्त असलेल्या नायट्रॉक्सबरोबर आगीचाही धोका असतो. सर्व्हिससाठी पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला पाठवावं लागतं. त्याचा खर्च विकत घेतानाच हिशोबात धरा.

हे सगळं आत्ता परवडत नसेल तर रेग्युलेटर घेऊच नका. नीट बसणारा मास्क आणि फिन्स घ्या, रेग्युलेटर सेंटरचा भाड्याने वापरा. वरच्या बहुतेक चाचण्या त्यावरही होतात. शेवटची सर्व्हिस कधी झाली हे विचारायला लाजू नका. चांगलं सेंटर नोंदवही काढून तारीख दाखवतं.