राउटर तीन वर्षांनी बदलायचाच असतो म्हणे! कोणी सांगितलं?

सध्या एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात असा: राउटरचं आयुष्य तीन वर्षं, नंतर त्याची चिप थकते आणि सिग्नल झिजतो, म्हणून नेट स्लो होतं, वाय-फाय 7 चा (म्हणजे वाय-फायच्या सातव्या पिढीचा) राउटर घेतला की जुन्या फोनवरही तिप्पट स्पीड येतो, जितके अँटेना जास्त तितकी रेंज जास्त, जुना राउटर म्हणजे हॅकरला उघडं दार, तेव्हा जुना भंगारात द्या आणि आजच नवा घ्या. यात एकच मुद्दा खरा आहे, तोही अर्धाच. बाकीचं एकेक करून बघू.

आधी ते "चिप थकते" प्रकरण. चिप अशी थकत बिकत नाही राव. राउटरमधे खरंच म्हातारं होतं ते पॉवर अ‍ॅडॅप्टर, आणि आतले कपॅसिटर (वीज साठवून स्थिर ठेवणारे छोटे भाग), तेही उष्णतेने. राउटर टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल, वर सेटटॉप बॉक्स ठेवलेला असेल तर हे लवकर होतं. राउटर आपोआप रिस्टार्ट होतोय, मधेच सगळे लाइट जाऊन परत येतायत, असं असेल तर आधी अ‍ॅडॅप्टर बदलून बघा. त्याच्यावर लिहिलेलं असतं, समजा 12 व्होल्ट 1 अँपियर, तर नव्याचे व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिन तीच बसली पाहिजे.

आता स्पीड. बहुतेक लोक इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. नेट स्लो आहे म्हणजे नेमकं कुठे स्लो आहे हे आधी शोधा ना! लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीडटेस्ट करा. मग राउटरच्या शेजारीच उभं राहून वाय-फायवर करा, आणि मग ज्या खोलीत त्रास होतो तिथे जाऊन करा. केबलवरच प्लॅनएवढा स्पीड येत नसेल तर वाय-फाय कुठलाही आणा, काही फरक पडणार नाही, घोळ लाइनमधे आहे किंवा राउटरच्या पोर्टमधे. शेजारी उत्तम आणि लांबच्या खोलीत बोंब, तर प्रश्न अंतराचा आणि भिंतींचा आहे, राउटरच्या वयाचा नाही.

पोर्टचं एक लक्षण तर इतकं ठरलेलं आहे की आकडा बघूनच कळतं. प्लॅन 200 किंवा 300 एमबीपीएसचा आणि केबलवर स्पीडटेस्ट सतत 94-95 वर अडकलेली. म्हणजे केबलचा जोड, म्हणजे लिंक, कुठेतरी 100 एमबीपीएसचीच लागलीये. स्वस्तातल्या राउटरना पोर्टच 100 चे असतात, अगदी खोक्यावर मोठ्या अक्षरात "1200" लिहिलेलं असलं तरी! असं असेल तर हो, राउटर बदला, मग तो काल आणलेला का असेना. पण त्याआधी केबल बघा, कारण गिगाबिटला (म्हणजे 1000 एमबीपीएसला) केबलमधल्या आठही तारा लागतात आणि 100 ला चारच पुरतात, त्यामुळे एखादी तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नसेल तर लिंक गुपचूप 100 वर येते आणि नेट चालूच राहतं, म्हणून कोणाला संशयही येत नाही. ब्राउझरमधे राउटरच्या सेटिंग उघडल्या की स्टेटस पेजवर लिंक स्पीड लिहिलेला असतो, 1000 आहे का 100 ते तिथे दिसतं.

खोक्यावरच्या 1200 चं पण सांगून टाकतो. ती राउटरच्या दोन बँडची (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांची) बेरीज आहे, 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867, होतात 1167, ते वर ढकलून 1200. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो आणि 867 लिंक दाखवली तरी हातात साधारण 500-600 च्या आसपास पडतात, तेही त्याच खोलीत.

वाय-फाय 7 आणि जुना फोन: फोन वाय-फाय 5 चा असेल तर तो नव्या राउटरशी पण वाय-फाय 5 मधेच बोलणार. वाय-फाय 7 चं सर्टिफिकेशन 2024 च्या जानेवारीत सुरू झालं, त्याआधीच्या बहुतेक फोनांमधे ते नाहीच. त्याची ती 320 मेगाहर्ट्झची रुंद चॅनल फक्त 6 गिगाहर्ट्झमधे चालतात, आणि हा बँड भिंत लागली की 5 गिगाहर्ट्झपेक्षाही लवकर माघार घेतो. आणि एवढा स्पीड करायचा काय? 4के व्हिडिओला 15-25 एमबीपीएस पुरतात. घरात एकाच वेळी खूप डिव्हाइस चालू असतील तर वाय-फाय 6 चा फायदा नक्की होतो, ते मी नाकारत नाही.

अँटेना? ट्रान्समिट पॉवरवर कायद्याने मर्यादा असते, आठ दांडे लावले म्हणून ती आठपट होत नाही. शिवाय राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचा परत पोचायला हवा की नाही? त्यापेक्षा राउटर कोपऱ्यातून काढून घराच्या मधे, उंचावर ठेवा, दांडे उभे ठेवा, कारण सिग्नल दांड्याच्या टोकातून नाही तर बाजूने पसरतो. फुकटचा उपाय आहे, म्हणून कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता तो अर्धा खरा मुद्दा, सिक्युरिटी. 2018 मधे व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) किमान 54 देशांतली 5 लाखांवर डिव्हाइस ताब्यात घेतली होती, त्यात घरगुती राउटर भरपूर होते. पण तिथे वय हा मुद्दा नव्हता, आधीच माहीत असलेल्या त्रुटी आणि न बदललेले पासवर्ड हा होता. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाका. शेवटचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कधी आलं, सपोर्ट संपल्याचं लिहिलंय का ते बघा. संपला असेल तर बदला, मग स्पीड कितीही झकास असू दे. उलट अपडेट येतायत तर पाच-सहा वर्षांचा राउटरही खुशाल चालवा. अ‍ॅडमिन पासवर्ड (राउटरच्या सेटिंग उघडायचा) बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वाय-फाय जोडायची सोय) बंद करा, वाय-फायच्या सुरक्षेला डब्ल्यूपीए3 असेल तर ते लावा, नसेल तर डब्ल्यूपीए2 आणि लांब पासवर्ड. आणि नवीन घेताना अपडेट किती वर्षं देणार हे आधी विचारा, मग अँटेना मोजा.

राहिलं भंगार. अपडेट चालू असतील तर जुना राउटर लांबच्या खोलीत केबल टाकून अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे मुख्य राउटरकडून नेट घेऊन तिथे फक्त वाय-फाय देणारा, लावता येतो. बऱ्याच राउटरमधे तसा मोडच असतो, नसेल तर डीएचसीपी (प्रत्येक डिव्हाइसला आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी सोय) बंद करायचा, आयपी मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्यायचा आणि केबल वॅनऐवजी (बाहेरचं नेट येतं त्या पोर्टाऐवजी) लॅन पोर्टात लावायची. आणि द्यायचाच असेल कोणाला तर आधी मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून रिसेट करा, तुमचा वाय-फाय पासवर्ड आणि बऱ्याचदा नेटवाल्याचं लॉगिनसुद्धा त्यात सेव्ह असतं.