फोटो कारखान्यातला, कॅप्शन हवेतलं

जुन्या इटालियन स्पोर्ट्‌सकारच्या नादी लागलेल्या माणसाला रोज कुणीतरी एक फोटो पाठवतोच. कृष्णधवल, कोपरा दुमडलेला, मधोमध अर्धवट जोडलेली गाडी आणि भोवती डगले घातलेले चार कामगार. खाली लिहिलेलं असतं : ‘फेरारीचा कारखाना, 1960. अतिदुर्मीळ!!’ गाडी फेरारी नसते, साल 1960 नसतं आणि दुर्मीळ म्हणावं तर हाच फोटो गेल्या आठवड्यातही फिरत होता. खरं तर अंगठ्याचा इमोजी टाकून गप्प बसावं. पण हात शिवशिवतात. या छंदाने मी ज्ञानी किती झालो ते माहीत नाही, खवचट मात्र नक्की झालो आहे.

पहिलं काम म्हणजे फोटो उलटा तर नाही ना, हे बघणं. निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं आणि ‘उजव्या स्टिअरिंगची एकमेव मिउरा’ (लाम्बोर्गिनीची स्पोर्ट्‌सकार) जन्माला येते. नुसत्या स्टिअरिंगवरून निकाल देऊ नये. 250 एलएमसारख्या शर्यतीच्या फेरारींचं स्टिअरिंग मुळातच उजवीकडे असे. त्यापेक्षा कामगाराच्या डगल्याची बटणं बघा. पुरुषांच्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येते. बिल्ल्यावरचा फेरारीचा घोडा आपल्या डाव्या हाताकडे तोंड करून उभा असतो. तो उजवीकडे बघत असेल तर चूक घोड्याची नाही.

मग मिउरा. तिच्या फोटोंनी जितकी भांडणं लावली आहेत तितकी भाऊबंदकीच्या जमिनींनीही लावली नसतील. नोव्हेंबर 1965 मध्ये तूरिनच्या प्रदर्शनात लाम्बोर्गिनीने तिची नुसती चासी, म्हणजे सांगाडा, मांडली होती. आडवं बसवलेलं बारा सिलिंडरचं व्ही-12 इंजिन, हलकेपणासाठी भोकं पाडलेला पत्रा, वर बॉडी नाहीच. हा फोटो हमखास ‘अपघातानंतरची मिउरा’ म्हणून येतो. पूर्ण गाडी मार्च 1966 मध्ये जिनिव्हाला आली, नारिंगी रंगात. आकार बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनीचा. बॉडीही बेर्तोनेकडेच, तूरिनजवळच्या ग्रुलियास्कोत बने आणि तिथून जोडणीसाठी लाम्बोर्गिनीच्या सांतागाता बोलोन्येझेच्या कारखान्यात जाई. म्हणून मिउराच्या उघड्या पत्र्यावर वेल्डिंग चाललेलं दिसत असेल, तर ‘सांतागाताचा कारखाना’ हे कॅप्शन आधी खोडा.

कुठली मिउरा, हे ओळखायला लोक लगेच ‘पापण्या’ बघतात. मिउराच्या तीन आवृत्त्या, पी400, एस आणि एसव्ही; हेडलाइटभोवतीच्या त्या काळ्या पट्ट्या पहिल्या दोन्हींवर असतात, एसव्हीवर बहुधा नसतात. ‘बहुधा’ हा शब्द गाळला की मारामारी सुरू होते, कारण पापण्यांसकट एसव्ही घेणारी गिऱ्हाइकंही होती. मी आधी गाडीची मागची बाजू बघतो. एसव्हीचं मागचं टायर रुंद आणि त्यासाठी मडगार्ड बाहेर फुगवलेलं; ते पुसट फोटोतही लपत नाही. एस ओळखायची खिडक्यांभोवतीच्या क्रोमवरून. आणि ज्या हेडलाइटवर कविता होतात तो फियाट 850 स्पायडरकडून घेतलेला आहे, हे सांगितलं की समोरचा दोन दिवस बोलत नाही.

मिउरानंतरच्या लाम्बोर्गिनीचं, काउंटाशचं काम त्या मानाने सोपं. 1971 च्या जिनिव्हा प्रदर्शनातला पिवळा नमुना अगदी गुळगुळीत होता. बाजूला ते मोठे वारा ओढणारे खळगे नाहीत की मागे खोके नाहीत. इंजिन तापू लागलं तेव्हा सौंदर्य बाजूला ठेवून पत्र्यात ते खळगे कापावे लागले. तो नमुना पुढे इंग्लंडमध्ये धडक-चाचणीत संपवला गेला, तेव्हा ‘हीच गाडी आजही अमक्याकडे आहे’ असं कुणी लिहिलं तर वाद न घालता पुढे चला. छतात मागपर्यंत गेलेली खाच दिसली तर 1974 पासूनची एलपी400, म्हणजे विक्रीला आलेली सुरुवातीची काउंटाश. चाकांवर फुगीर कमानी असतील तर बहुधा 1978 किंवा त्यानंतरची.

आता फेरारी. तिच्या डेटोना मॉडेलच्या नाकावर पारदर्शक पट्टी आणि तिच्यामागे दिवे असतील तर ती सुरुवातीची; 1971 च्या सुमारास अमेरिकेच्या नियमांपायी वर-खाली होणारे दिवे आले. फेरारीनेच बनवलेल्या डिनोवर घोडा दिसला तर तो कारखान्यातून आलेला नाही, नंतर कुणीतरी हौसेने लावलाय. कारखान्याने तिला फक्त ‘डिनो’ एवढाच बिल्ला दिला होता. पेट्रोलचं झाकण उघडं दिसलं तर ॲल्युमिनियमची 206, छोट्या झडपेमागे दडलेलं असेल तर पोलादी 246. आल्फा रोमिओच्या बिल्ल्यावर ‘मिलानो’ असेल तर ती साधारण 1972 च्या आधीची, कारण त्यानंतर नेपल्सजवळचा कारखाना सुरू झाला आणि मिलान शहराचं नाव उडालं.

पण माझा खरा भरवसा मागे उभ्या असलेल्या भंगार गाड्यांवर. मुख्य गाडी सजवून आणलेली असते, मागची कुणी सजवत नाही. इथे मुंबईकराला न मागता मिळालेलं ज्ञान उपयोगी पडतं. फाटकापाशी जी ओळखीची डबडी दिसते, ती फियाट 1100 डी, म्हणजे आपली कुर्ल्याची प्रीमियर, काळी-पिवळी टॅक्सी. इटलीत ती 1962 ला आली, त्यामुळे ती असलेला फोटो ‘1958’ असूच शकत नाही. छोट्या फियाट 500 ची दारं बघा : 1965 पर्यंत बिजागऱ्या मागे, दार उलटं उघडे, नंतर पुढे. जार्दिनिएरा नावाची तिची लांब बहीण मात्र शेवटपर्यंत उलट्या दारांची राहिली, तेव्हा छप्पर मागपर्यंत गेलंय का तेही बघायचं. एक पथ्य पाळायचं : मागच्या गाडीवरून फोटो ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच ठरतं. ‘याच्या नंतरचा नाही’ असं म्हणता येत नाही, कारण गरीब माणूस गाडी वीस वर्षं वापरतो.

नंबर प्लेटही बोलते. ‘एमओ’ म्हणजे मोदेना, ‘बीओ’ म्हणजे बोलोन्या, ‘टीओ’ म्हणजे तूरिन, आणि ‘प्रोवा’ लिहिलं असेल तर चाचणीची तात्पुरती पाटी. ती एका गाडीवरून दुसरीवर फिरे, म्हणून दोन फोटोंत तोच नंबर दिसला की ‘तीच गाडी’ असं ओरडू नये. 1976 पासून काळ्या पाटीवरची जिल्ह्याची अक्षरं नारिंगी झाली. फार उपयोगाची खूण, फक्त फोटो कृष्णधवल असला की नारिंगीचा राखाडी होतो.

आता पाठवणाऱ्यांना हात जोडून विनंती. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट पाठवू नका. मूळ प्रिंट बहुधा 18 बाय 24 सेंटिमीटरची असते. 600 डीपीआयला स्कॅन केली तर साधारण 4250 बाय 5670 पिक्सेल मिळतात आणि टायरवरचं नाव वाचता येतं. मोठी टिफ फाइल स्वतःकडे ठेवा, छोटी जेपेग वाटा. पाठही स्कॅन करा, शिक्का आणि पेन्सिलीची तारीख तिथेच असते. अतिनील दिवा धरून बघा : कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात 1950 च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलेलं चमकद्रव्य आहे, म्हणजे ‘1949 ची मूळ प्रिंट’ हा दावा मोडला. न चमकणारा कागद मात्र आपोआप जुना ठरत नाही, हे विकणाऱ्याला सांगून बघा, तो फोन ठेवतो.

आणि कृष्णधवल फोटोत यंत्राकडून रंग भरून घेऊ नका हो! त्याला लाल सोडून इटलीत दुसरा रंग माहीतच नाही. त्याने आपली नारिंगी मिउरा लाल केली, पिवळी काउंटाश लाल केली, एका फोटोत तर कामगाराचा डगलाही. वर ‘स्पष्ट’ करण्याच्या नादात तारांच्या चाकाच्या तारा वितळून एकमेकींत मिसळतात आणि जाळीच्या पट्ट्या वाढतात, मग त्या मोजून कुणीतरी नवीन मॉडेल शोधून काढतो.

त्यात कारखान्यानेही आपलं काम सोपं ठेवलेलं नाही. वृत्तपत्रांसाठीच्या प्रिंटवर रिटचिंगवाला पांढऱ्या जलरंगाने मागचं सगळं पुसून टाकत असे, टायरखालची सावली तेवढी ठेवायची. नंतर काळ्या रंगाने कडा धारदार करायच्या, दार आणि मडगार्डमधली फट बारीक कुंचल्याने सरळ ओढायची. हाताने ठोकून बसवलेल्या पत्र्याची फट इतकी सरळ कधीच नसायची. आज हाच फोटो भिंतीवर लावून हौशी मालक आपल्या गाडीचं दार पुन्हा पुन्हा काढून बसवतोय आणि पत्रावाल्याला म्हणतोय, ‘मास्तर, मूळचं असं होतं बघा.’